अंतर्गत तुटवड्याचे कारण देऊन शेअरऐवजी रोख रक्कम जमा केल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दि. १७ नोव्हेंबर २०२५

महोदय,

मी गेली सहा वर्षे ब्रोकर म्हणून आपला ग्राहक असून माझी ट्रेडिंग व डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे) ही दोन्ही खाती आपल्याकडेच आहेत. सोमवार, दि. १० नोव्हेंबर रोजी मी एका कंपनीचे १२० शेअर प्रत्येकी ८४० रुपये दराने डिलिव्हरीसाठी खरेदी केले. पूर्ण रक्कम खात्यात आधीपासून जमा होती, त्यामुळे थकबाकीपोटी शेअर अडवून ठेवण्याचा प्रश्न नव्हता, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटही (सौद्याची अधिकृत पावती) त्याच रात्री मिळाली. मंगळवारी मात्र शेअर आले नाहीत. बुधवारी सायंकाळी माझ्या लेजरमध्ये ‘अंतर्गत तुटवडा’ असा शेरा मारून प्रति शेअर ८४६ रुपयांप्रमाणे १,०१,५२० रुपये जमा करण्यात आले आणि त्यातून २५० रुपये ‘हाताळणी शुल्क’ म्हणून लगेच वजाही करण्यात आले. ८४६ रुपये हा सोमवारचा बंद भाव होता. मंगळवारी तो शेअर ९०५ रुपयांवर, म्हणजे त्या दिवसाच्या उच्चांकावरच, बंद झाला होता.

दूरध्वनीवर चौकशी केली असता ‘एक्स्चेंजकडूनच शेअर आले नाहीत, आमच्या हातात काही नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आपल्याच शेऱ्याशी जुळत नाही. एक्स्चेंजवर सौदा जुळला की सौद्यांचा हिशेब पुरा करणारी संस्था, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, दोघांच्या मध्ये उभी राहते, म्हणजे प्रत्येक खरेदीदारासाठी ती विक्रेता आणि प्रत्येक विक्रेत्यासाठी खरेदीदार होते, व विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत तरी खरेदीदाराचा हिशेब पुरा करण्याची हमी तिची असते. परंतु एकाच ब्रोकरच्या एका ग्राहकाने १२० शेअर घेतले आणि दुसऱ्याने तेवढेच विकले, तर ब्रोकरच्या पातळीवर वजावट होऊन त्या दोन सौद्यांपुरते देणे-घेणे शून्य होते. अशा वेळी त्या विक्रेत्याच्या डीमॅट खात्यात शेअर नसले तरी क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या हिशेबात ती तूट आपोआप दिसत नाही, ती ब्रोकरलाच कळवावी लागते. थोडक्यात, तूट आपल्याच दोन ग्राहकांमधली होती, आणि ‘अंतर्गत’ या शब्दाचा दुसरा कोणताही अर्थ मला लागत नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या ५ जून २०२४ च्या परिपत्रकात नेमकी याच प्रसंगाची तरतूद आहे. ग्राहकांच्या सौद्यांची आपसांत वजावट झाल्याने पडणारी तूट ब्रोकरने क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ठरवलेल्या ऑक्शनच्या, म्हणजे लिलावात इतरांकडून तेवढे शेअर विकत घेण्याच्या, मार्गानेच भरून काढायची आहे आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन जे शुल्क लावेल त्यापेक्षा अधिक काहीही ग्राहकाकडून घ्यायचे नाही. तेव्हा आपण स्वतः निवडलेल्या भावाने हिशेब मिटवण्याचा अधिकार आणि ते २५० रुपये, दोन्हींचा आधार मला समजावून सांगावा. खाते उघडताना सह्या घेतलेल्या जाडजूड कागदपत्रांत कुठेतरी असे धोरण छापलेले असेलही; त्याने सेबीचा नियम बाजूला सारता येत नाही.

ऑक्शन झाले असते तर वेळापत्रक सरळ होते. २७ जानेवारी २०२३ पासून सर्वच शेअरची सेटलमेंट (शेअर व पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण) सौद्याच्या दुसऱ्या दिवशी होते. मंगळवारी तूट उघड झाल्यावर त्याच दिवशी ऑक्शन आणि बुधवारी त्याचे शेअर माझ्या खात्यात, असा क्रम असायला हवा होता. ऑक्शनमध्येही शेअर मिळाले नसते तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी रोखीने हिशेब, झाले असते आणि त्याचा भाव सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा उच्चांक किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावाहून २० टक्के अधिक भाव, यांपैकी जो जास्त तो धरला जातो. येथे तो १,०८६ रुपये होतो, म्हणजे १२० शेअरचे १,३०,३२० रुपये. माझ्या हाती प्रत्यक्षात आले १,०१,२७०. फरक २९,०५० रुपयांचा आहे. हा भाव मुद्दाम चढा ठेवलेला असतो, कारण तो भुर्दंड शेअर न देणाऱ्या विक्रेत्याने सोसायचा असतो, ब्रोकरने नव्हे. म्हणूनच त्या विक्रेत्याच्या खात्यावर आपण किती रक्कम टाकली, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. त्याचे नाव मला नको, आकडा हवा.

जुन्या काळी सही जुळत नाही म्हणून शेअर प्रमाणपत्रे परत येत आणि महिनोन्‌महिने हेलपाटे पडत, हे मी अनुभवले आहे. पण तेव्हा परत आलेल्या कागदावर निदान कारण लिहिलेले असे.

ही तूट आपण क्लिअरिंग कॉर्पोरेशनला कळवली होती का, ऑक्शन झाले का आणि झाले असल्यास कोणत्या भावाने, याचा लेखी पुरावा द्यावा. ऑक्शनमध्ये शेअर मिळाले असतील तर ते माझ्या डीमॅट खात्यात जमा करून मला दिलेली रोख रक्कम परत घ्यावी. ऑक्शन निष्फळ ठरले असेल तर वरील फरक द्यावा. आणि ऑक्शन केलेच नसेल तर तेवढेच १२० शेअर आपल्या खर्चाने मिळवून द्यावेत. २५० रुपये तिन्ही परिस्थितींत परत करावेत; वरील फरकात ते आधीच धरलेले आहेत. कॉन्ट्रॅक्ट नोट, लेजरचा उतारा आणि डीमॅट खात्याचे विवरण सोबत जोडले आहे.

२१ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी हीच कागदपत्रे सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार प्रणालीवर दाखल करीन.

आपला,
खातेधारक