थरार पटतो तो कशामुळे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. पहाटेपर्यंत जागून कादंबरी संपवलीस आणि पुस्तक मिटल्याबरोबर ‘असं कुठे घडतं का?’ म्हणून वैतागलास. तुझं जागणंही मला कळतं नि वैतागणंही. पण ‘वेग हवा असेल तर पटण्याची अपेक्षाच सोडायची’ हे मला अजिबात मान्य नाही.

फ्रेडरिक फोर्साइथची ‘द डे ऑफ द जॅकल’ घे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना ठार मारायला नेमलेल्या मारेकऱ्याची ही गोष्ट. ती आली १९७१ मध्ये. खरे द गॉल आदल्याच वर्षी स्वतःच्या घरी वारले होते, म्हणजे मारेकरी फसणार हे वाचकाला आधीपासून ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण हा माणूस सगळं जमवणार कसं, यात आपण अडकतो. लहानपणीच गेलेला, आज आपल्याच वयाचा असता असा एक मुलगा तो दफनभूमीतल्या थडग्यांवरून शोधून काढतो, त्याचा जन्मदाखला मिळवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. कामं सगळी कागदपत्रांची, पण वाचताना घशाला कोरड पडते. पुढे तो जंगलात झाडाला खरबूज टांगतो, गोळ्या झाडून बघतो, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो. कुठल्याही पाठलागापेक्षा मला ते प्रकरण भारी वाटतं. गोष्ट घडते त्या सुमारास फोर्साइथने पॅरिसमध्ये वार्ताहर म्हणून काम केलं होतं, ते जाणवतं.

म्हणजे मोठी थाप मी आनंदाने पचवतो. घात होतो तो बारक्या गोष्टींत. सायलेन्सर लावला की नुसतं ‘फुस्स’! पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो. त्यातले तीसेक कमी झाले तरी शेजारच्या खोलीतला माणूस दचकून उठेल. किंवा डोक्यात फटका बसून तासभर बेशुद्ध पडलेला नायक उठतो आणि छपरांवरून धावत सुटतो. इतका वेळ शुद्ध हरपलेल्या माणसाला आधी इस्पितळात न्यावं लागतं रे! अशाने थरारच मरतो. जखम दुखत नसेल, कुलूप हात लावताच उघडत असेल, तर मी त्याची काळजी का करू?

योगायोगाचंही तेच. त्याने नायक संकटात सापडला तर खुशाल सापडू दे. पण त्यातून सुटताना त्याने स्वतःचं डोकं चालवलेलं मला दिसलं पाहिजे.

तुझी ती कादंबरी पाठवच. फितूर कोण निघतो ते मात्र आधी सांगू नकोस.

तुझाच,
जुना वाचनमित्र