व्होटच्या मागे लागून नाव घालवू नका

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमचा भाचा इथे इंदूरलाच असतो आणि हाइव्ह नावाच्या ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली, पुसता न येणारी नोंदवही) लिहितो, म्हणजे तिथे लोकांनी व्होट दिलं की टोकन, म्हणजे तिथलं डिजिटल चलन, मिळतात, सात दिवसांत काय जमेल ते, साधारण अर्धं लिहिणाऱ्याला आणि अर्धं व्होट देणाऱ्यांना. सुरुवातीला सराफ्यावर काय सुंदर लिहिलं होतं त्याने! सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की ओट्यावर कढई मांडणारे काका, दुधात आटणारा भुट्ट्याचा कीस, कालथ्याला चिकटलेली खरपूड. व्होट आले जेमतेम, पण ग्वाल्हेरच्या एका ताईंनी खाली आपल्या आजीची आठवण लिहिली, ती मला आजही पाठ आहे.

मग एका मोठ्या खातेवाल्याने व्होट दिलं (ज्याचे टोकन जास्त गुंतलेले त्याच्या व्होटला वजन जास्त) आणि पोराचं डोकंच फिरलं. रोज तीन-तीन पोस्ट, फोटो इकडून तिकडून उचललेले. कोणीतरी पकडलंच, डाउनव्होट, म्हणजे विरोधातले व्होट, पडले, कमाई गेली आणि नावापुढचा रेप्युटेशनचा आकडाही घसरला. बरं, पोस्ट बदलली तरी जुनं चेनवर राहतंच, कोणीही काढून बघू शकतं.

मेहनतीचे पैसे मिळायलाच हवेत, त्यात वाईट काही नाही, पण फोटो दुसऱ्याचा असेल तर तसं सरळ लिहा ना, वाचणारे समजून घेतात. परवा त्याने तिथेच माफी लिहिली आणि काल रात्री परत सराफ्यात त्याच कढईपाशी स्वतः फोटो काढत उभा होता.

एक वाचक, इंदूर