पाड्यापासून उपकेंद्र किती मिनिटांवर, ते मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तालुक्याच्या लोकसंख्येला या आकड्यांनी भागले की कागदावर हिशेब जुळतो. पण जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे आणि सरासरीत पाडा दिसत नाही. कोणता पाडा सेवेपासून किती मिनिटांवर आहे, हे सरकारनेच खुल्या केलेल्या माहितीवरून काढता येते. पालघर जिल्हा परिषदेने ते काढून नकाशा लोकांसमोर ठेवावा.

माहिती फुकट मिळते. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय लोकसंख्या आणि जवळच्या आरोग्य केंद्राचे अंतर आहे. मात्र हे अंतर ‘५ किमीपेक्षा कमी, ५ ते १०, १० पेक्षा जास्त’ अशा ढोबळ गटांत असल्याने ते पडताळणीपुरतेच वापरावे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने २०२२ मध्ये रस्ते, वस्त्या आणि ग्रामीण सुविधांची नकाशावर मांडता येणारी माहिती खुली केली. पाडे शोधायला ती अधिक उपयोगी. पायवाटा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून घ्याव्यात. हे सगळे क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

काम अडते ते तक्ते जोडताना. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यांत ही गावे ठाणे जिल्ह्याखाली शोधावी लागतात. गावे नावाने जोडू नयेत; एका नावाची अनेक गावे असतात आणि इंग्रजी स्पेलिंग तक्त्यागणिक बदलते. जनगणनेचा सहा अंकी गाव-कोडच धरावा. मग केंद्रांचे बिंदू तपासावेत. अक्षांशाच्या रकान्यात ७३, म्हणजे इथला रेखांश, दिसला तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे. तीन उपकेंद्रे एकाच बिंदूवर असतील तर ती नोंद जागेवर जाऊन नव्हे, कचेरीत बसून केलेली असण्याचीच शक्यता जास्त.

केंद्राभोवती ५ किमीचे वर्तुळ काढले की सगळा नकाशाच फसतो. दरीपलीकडचा पाडा वर्तुळात येतो, पण माणसाला घाट उतरून पुन्हा चढावा लागतो. वेळ वाटेवरूनच काढावी. पायी वेग सपाटीला ताशी ५ किमी आणि चढाला ३ किमी धरला, तर अर्ध्या तासात अडीच किंवा दीडच किलोमीटर कापले जातात. हिशेब दोनदा करावा, उन्हाळ्याचा वेगळा आणि पावसाळ्याचा वेगळा. पावसाळ्याच्या हिशेबातून पाण्याखाली जाणारे फरशी पूल आणि ओढ्यातल्या वाटा वगळाव्यात. त्या कोणत्या, हे उपग्रहचित्रापेक्षा गावची आशाताई नेमके सांगेल. प्रत्येकीला छापील नकाशा देऊन त्या खुणा करून घ्याव्यात.

इमारत उभी आहे म्हणजे सेवा मिळते असे नाही. केंद्रांकडून दरमहा एचएमआयएस या सरकारी आरोग्य-माहिती प्रणालीत भरल्या जाणाऱ्या नोंदींतून कोणत्या उपकेंद्रात खरोखर प्रसूती होतात ते कळते. तिथे रिकामा रकाना शून्य समजू नये. शून्य म्हणजे प्रसूती झाली नाही, रिकामा म्हणजे माहितीच आलेली नाही. नकाशावर दोन्हींना वेगळे रंग हवेत.

सर्वांत मोठी फट मात्र स्थलांतराची आहे. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाईची नोंद पाड्यावर, ती स्वतः भट्टीवर, आणि भट्टी कोणत्याच वस्ती-यादीत नाही. जानेवारी ते मार्चमधली उपग्रहचित्रे पाहून भट्ट्यांचे समूह टिपावेत आणि त्यांपासूनही अंतर मोजावे. हे केल्याशिवाय हिवाळ्यातला कोणताही नकाशा आम्ही पुरा मानणार नाही.

यासाठी जिल्हा परिषदेने दरमहा एक साधा तक्ता संकेतस्थळावर टाकावा: केंद्राचा कोड, अक्षांश-रेखांश, मंजूर व भरलेली पदे, चोवीस तास प्रसूतीची सोय, रुग्णवाहिका चालू की बंद. पीडीएफ नको, संगणकाला थेट वाचता येणारी सीएसव्ही फाइल हवी. माता व बालमृत्यू मात्र पाडानिहाय छापू नयेत. वीस घरांच्या पाड्यात एक ठिपका म्हणजे थेट त्या घराचे नाव. ते आकडे आरोग्य केंद्राच्या हद्दीनुसार एकत्र द्यावेत.

– आरोग्य-माहितीचे अभ्यासक, पालघर जिल्हा