गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दुकानाने परत घ्याव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ओला कचरा, सुका कचरा हे आता शाळकरी पोरांनाही पाठ झाले आहे. पण गोळ्यांची रिकामी पट्टी सुक्यात टाकल्यावर तिचे पुढे काय होते, हे घंटागाडीवरचे गाणे सांगत नाही. घरातल्या मूठभर पट्ट्या भंगारवाला विचारतही नाही.

दिवसाला तीन गोळ्या म्हटल्या तर दहाच्या नऊ पट्ट्या महिन्याला होतात, वर्षाला शंभरावर. रक्तदाब आणि मधुमेह मुक्कामालाच आलेल्या घरात नवरा-बायकोचा मिळून हिशेब ज्याचा त्याने करावा.

खोकी, आतला घडीचा कागद आणि सिरपची काचेची बाटली यांची अडचण नाही. ती रद्दी-भंगारात खपतात. फक्त खोके फाडून आणि बाटलीचे लेबल खरवडून द्यावे. ही फाजील काळजी नव्हे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कर्करोगावरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या विकत घ्यायच्या, त्यांत भलतेच औषध भरायचे आणि विकायचे, असा तिच्यावर आरोप आहे.

पट्टीचे दुखणे मात्र निराळे. पुढचा फुगीर भाग बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचा, मागे ॲल्युमिनियमचा वर्ख, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटवलेले. दोन्हीकडून चंदेरी दिसणाऱ्या पट्टीत नायलॉनचाही थर असतो. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून वापरले तर नव्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, पण आधी ते प्लास्टिकपासून सोडवावे लागते आणि ते घरी होण्यासारखे काम नाही. आमच्या सातारा भागात अजून काही घरांत बंब पेटतात आणि काटक्या-कागदांबरोबर या पट्ट्याही आत जातात. हे तेवढे कृपा करून थांबवावे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात, आणि सकाळच्या आंघोळीच्या वेळी तो धूर अंगणातच असतो. प्लास्टिक कचरा इंधन म्हणून जाळणाऱ्या सिमेंटच्या भट्ट्यांनाही पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे हा माल नको असतो.

मग जबाबदारी कोणाची? प्लास्टिक कचरा नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वापरलेल्या वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर आहे. प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचा थर असलेल्या वेष्टनांचा तर त्यात स्वतंत्र वर्गच आहे. पण कंपनीला दुसऱ्याने केलेल्या कचरा-प्रक्रियेची प्रमाणपत्रे विकत घेऊनही आपले उद्दिष्ट भरून काढता येते. म्हणजे कागद पुरा होतो, आणि माझ्या घरातली पट्टी न्यायला कोणीच येत नाही.

यावर नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. मुदत संपलेला माल औषध दुकानदार घाऊक विक्रेत्याकडे परत पाठवतोच, तिथून तो कंपनीकडे जातो. त्याच गाडीतून रिकाम्या पट्ट्यांचे पोतेही जाऊ शकते. दुकानदार म्हणतील, आम्हाला जागा कुठे आहे? वजनाला हलक्या, एकावर एक बसणाऱ्या पट्ट्यांना एक डबा पुरतो. त्यात उरलेल्या गोळ्या, सुया किंवा दम्याचे पंप कोणी टाकू नयेत म्हणून वर ठळक पाटी मात्र हवी. पंपाच्या डबीत दाब असतो, ती फोडणे किंवा जाळणे धोक्याचे. सुया आणि जुनी औषधे तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातक घरगुती कचऱ्यात धरली होती.

महापालिका-नगरपालिका, अन्न व औषध प्रशासन आणि औषध विक्रेत्यांच्या संघटना यांनी एकत्र बसून हे ठरवावे, आणि डब्याचा व वाहतुकीचा खर्च कंपन्यांकडून घ्यावा. सुरुवात जनऔषधी केंद्रांपासून केली तरी चालेल. तिथे दरमहा तीच माणसे तीच औषधे न्यायला येतात, आणि येताना पिशवी रिकामीच असते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा