झोपेबद्दल विचारा, आपबीती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निर्वासितांच्या मानसिक आरोग्यावरचा आपल्याकडचा लेख वाचला. मानसोपचारतज्ज्ञ वाढवा, ही मागणी रास्तच. पण समदुःखी माणसांच्या गटांना त्यात ‘तात्पुरती सोय’ म्हटलंय, ते खटकलं. अशा गटांत मी काही वर्षं दुभाषी म्हणून बसले आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या बैठकीत भिंतीला टेकलेल्या, दार दिसेल अशा खुर्च्या आधी भरतात. कुणी बोलत नाही. चालवणारा नवखा असला की त्याला ही शांतता सोसत नाही आणि तो म्हणतो, ‘तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा.’ अहो, ती कहाणी त्या माणसानं सीमेवर, छावणीत, आश्रयाच्या मुलाखतीत, दर वेळी नव्या अधिकाऱ्यापुढे सांगितलेली असते. तीही तारीख चुकली तर खोटारडे ठरू या धाकात. आता गटातही तेच? आघातानंतर एकदा बसवून सगळं वदवून घेतल्यानं पीटीएसडी, म्हणजे अशा आघातातून जडणारा, लांबत जाणारा मानसिक आजार, टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ही पद्धत वापरू नका असंच सांगते.

आमच्या गटात सुरुवात झोपेपासून व्हायची. काल डोळा कधी लागला? एक बाई म्हणाली, पहाटे चारला, तोही दिवा चालू ठेवून. समोरची म्हणाली, माझंही तसंच, आणि बूट उशाशी लागतात. पहिली तिच्याकडे बघतच राहिली, मग दोघी हसायला लागल्या. आपल्याला वेड लागलेलं नाही, हे डॉक्टरही सांगतात. पण उशाशी बूट घेऊन झोपणारीनं सांगितलं की ते पटतं.

हा फक्त माझा अनुभव नाही. युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्प वस्तीत दक्षिण सुदानमधून आलेल्या सुमारे 700 निर्वासित स्त्रियांबरोबर ‘सेल्फ-हेल्प प्लस’ या ताण हाताळायला शिकवणाऱ्या गट-कार्यक्रमाची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये आले. पाच बैठका, ध्वनिमुद्रित मार्गदर्शन, चित्रांचं पुस्तक, आणि चालवणाऱ्या थोडंफार प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका. तीन महिन्यांनंतरही गटात बसलेल्यांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी होता.

आणि सगळा त्रास मागचाच असतो असंही नाही. अर्जाचा निकाल लागत नाही, घरचे तिकडेच अडकलेत, दहा वर्षांची मुलगी दवाखान्यात आईची दुभाषी होते. एक गृहस्थ सरकारी पाकीट तीन आठवडे खिशात घेऊन यायचे, न फोडता. चौथ्या आठवड्यात शेजारच्यानं पाकिटाचा रंग ओळखला. त्यालाही तसंच आलं होतं. दोघांनी मिळून फोडलं. आत मुलाखतीची तारीख पुढे ढकलल्याचं पत्र, बस्स. तीन आठवड्यांची झोप त्या कागदानं खाल्ली होती.

गट म्हणजे रामबाण औषध नव्हे. जीव द्यायचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तज्ज्ञच हवा, आणि लगेच हवा. शिवाय एका देशाची माणसं म्हणजे एका बाजूची माणसं, असंही धरून चालू नये. यादवी युद्धातून आलेल्यांत शेजारी बसलेला कुणाचा खबऱ्या होता, ही शंका खरी असू शकते. मी त्यांच्या समाजातली नव्हते म्हणूनच काही जणी मोकळेपणी बोलल्या, हे मला फार उशिरा कळलं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. गट चालवणारे बहुतेकदा स्वतःच निर्वासित असतात आणि त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेतलं जातं. दिवसभर इतरांचं ऐकून ते घरी जातात तेव्हा त्यांचं ऐकायला कुणी नसतं. आमच्या गटातल्या अशा एकीनं कंटाळून सफाईची नोकरी धरली, आणि गट बंद पडला. तज्ज्ञांच्या पदांचा हिशेब आपण लेखात मांडलात. पुढच्या वेळी या लोकांचं मानधन, त्यांना सल्ला देणारं अनुभवी माणूस, येणाऱ्यांचं बसभाडं आणि तासभर मुलं सांभाळणारं कुणीतरी, एवढं त्यात धरून बघा.

आपली,
एक वाचक