सारायेव्होच्या आधी १८६७ वाच

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

हाब्सबुर्ग साम्राज्य, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरी, कसं मोडलं यावरचं तुझं टिपण सारायेव्होच्या गोळीपासून, म्हणजे १९१४ मधल्या युवराजाच्या हत्येपासून, सुरू होतं. ते १८६७ पासून सुरू कर. गोळीने पहिलं महायुद्ध पेटलं हे खरं, पण सांधे कुठे कच्चे होते ते १८६७ च्या ऑस्ट्रिया-हंगेरी करारात दिसतं.

१८६६ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने क्योनिगग्रेट्सच्या लढाईत ऑस्ट्रियाला धूळ चारल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफला हंगेरीशी जुळवून घेणं भाग पडलं. पुढच्या जूनमध्ये बुडाला त्याने हंगेरीचा राजमुकुट घातला. संसदा दोन, पंतप्रधान दोन. सामाईक खाती तीनच: परराष्ट्र, युद्ध आणि त्यांच्या खर्चापुरतं अर्थ. त्यावर लक्ष ठेवायला दोन्हीकडून ६०-६० प्रतिनिधी, तेही वेगवेगळे बसायचे आणि एकमेकांना लेखी कळवायचे. तीनदा लिखापढी होऊनही जमलं नाही, तर एकत्र बसून मतदान. चर्चा मात्र करायची नाही!

मेख पैशात होती. सामाईक खर्चाला आधी जकातीचं उत्पन्न लावायचं. उरलेल्यातले ७० टक्के ऑस्ट्रियाने भरायचे, ३० हंगेरीने. हा वाटा दर दहा वर्षांनी नव्याने ठरायचा, म्हणजे दर दहा वर्षांनी वाटणीचं भांडण उकरून निघायचं. १८९७ चं उदाहरण नीट बघ. कराराच्या नूतनीकरणासाठी ऑस्ट्रियाचा पंतप्रधान बादेनी याला चेक खासदारांची मतं हवी होती. त्यांना राजी करायला त्याने हुकूम काढला: बोहेमिया-मोराव्हिया या चेक-जर्मन वस्तीच्या प्रांतांतल्या सरकारी नोकरांना १ जुलै १९०१ पर्यंत चेक आणि जर्मन दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. कागदावर बरोबरी, पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन बहुधा यायचीच, जर्मनाला चेक क्वचित. जर्मनांना ती आपल्या नोकऱ्यांवरची धाड वाटली. व्हिएन्नाच्या संसदेत कामकाज बंद पाडलं गेलं, रस्त्यावर दंगे झाले, नोव्हेंबरात बादेनी गेला. हंगेरीशी हिशेब करायला निघाले आणि प्रागमधली भाषा पेटली. तुझ्या टिपणाचा कणा मला हाच वाटतो.

सैन्यात भाषांचा नुसता गोंधळ होता असं लिहून तू सैन्यावर अन्याय केला आहेस. तिथे सोय विचारपूर्वक होती: हुकमाचे साधारण ८० जर्मन शब्द सगळ्यांना, बाकी शिकवणं पलटणीच्या भाषेत, आणि ती भाषा अधिकाऱ्याने तीन वर्षांत शिकायची. १९१४ च्या पहिल्या महिन्यांतच असे मुरलेले अधिकारी मोठ्या संख्येने मारले गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना शिकायला तेवढा वेळ कुठला?

सैन्याचं नावही बघ. आधी ते ‘सम्राटाचं-राजाचं’ होतं. हंगेरीच्या हट्टाने १८८९ मध्ये ‘सम्राटाचं आणि राजाचं’ झालं. त्या ‘आणि’ने सांगितलं की राज्यं दोन आहेत.

शेवट तारखांनिशी लिही. १६ ऑक्टोबर १९१८ ला फ्रान्झ योझेफनंतरचा सम्राट कार्ल याने संघराज्याचा जाहीरनामा काढला, पण हंगेरीच्या राजवटीतल्या प्रदेशांना त्यातून वगळलं. त्यामुळे तिथल्या स्लोव्हाक, रुमानियन लोकांना त्यात काहीच नव्हतं. २८ तारखेला प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं. ११ नोव्हेंबरला कार्लने ऑस्ट्रियाच्या कारभारातून अंग काढून घेतलं, आणि हंगेरीसाठी त्याला दोन दिवसांनी वेगळ्या कागदावर सही करावी लागली.

तुझी,
आई