साठ तासांच्या हजेरीपटावर मी सही करणार नाही

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पदवी अभ्यासक्रमातला योग, ध्यान आणि माझे अडकलेले २३,२०० रुपये

महोदय,

सविनय नमस्कार. मंत्र्यांना पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ आहे, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी योगशिक्षिका आहे. वय ५४. भांडुपला राहते. गेली २३ वर्षं रोज पहाटे स्वतः साधना करते आणि दोन वर्षांपासून मुंबईतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर योग शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथे ज्यांच्याशी माझं वैर नाही अशी पुष्कळ माणसं आहेत.

यंदाच्या २१ जूनला सकाळी साडेसहाला आमच्या आवारात योग दिन झाला. भाड्याच्या निळ्या मॅट आल्या होत्या. ४५ मिनिटांत ठरलेला क्रम पार पडला, फोटो निघाले, अहवाल अपलोड झाला. माईकवरून सगळ्या सूचना मी दिल्या. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मागच्या सत्राचे तीन हजेरीपट पुढे ठेवले. प्रत्येक तुकडीचे ६० तास भरलेले होते. तारखा घातलेल्या, मुलांच्या नावांपुढे हजेरीच्या खुणा केलेल्या. फक्त माझ्या सह्या बाकी होत्या.

तास झाले होते २६. तिन्ही तुकड्यांचे मिळून ७८. बाकीचे तास परीक्षा, निवडणुकीचं काम, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची तयारी आणि हॉल लग्नाला दिलेला, यात गेले. मी सही करायला नकार दिला. त्यावर मला सांगितलं गेलं की रजिस्टर पूर्ण झाल्याशिवाय बिल पुढे जात नाही. तासाला ४०० रुपयांप्रमाणे माझे ३१,२०० होतात, त्यातले ८,००० दिवाळीच्या आसपास मिळाले होते. उरलेले २३,२०० सहीवर अडकले आहेत. आणि जाताजाता हेही कळलं की यंदा योगाचा वर्ग नाही. मुलांना व्हिडिओच्या लिंक पाठवतील, शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा, दोन क्रेडिट जमा.

मंत्रिमहोदय, याच हजेरीपटातल्या मुलांना मी पहिल्या तासाला यम, म्हणजे वागण्याचे नियम, शिकवले होते. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. योगाच्या आठ अंगांतलं हे पहिलं अंग, आसन तिसरं. सत्य आणि अस्तेय फळ्यावर लिहिणाऱ्या हाताने न झालेल्या १०२ तासांवर सही कशी करू, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी मंजुरी मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, हे खोटं वाटेल पण खरं आहे. भारतीय ज्ञानपरंपरेत योग, पदवीच्या वर्षांत त्याला क्रेडिट, शिवाय विद्यार्थ्यांच्या ताणासाठी प्रत्येक संस्थेत समुपदेशनाची व्यवस्था. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे लागू झालं. मला वाटलं, आपल्या विद्येला आता घर मिळालं. घर मिळालं ते वेळापत्रकात दुपारी १.४० चं, कँटीनच्या सुट्टीनंतर लगेच. वडापाव खाऊन आलेल्या १३० मुलांना मी पश्चिमोत्तानासन सांगू? योग उपाशीपोटी, निदान जेवणानंतर तीन-चार तासांनी करतात, हे कुठलीही आजी सांगेल. वेळापत्रक करणाऱ्याला हे कोणी विचारलंच नाही. सतरंज्या ४०, मुलं १३०. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन स्वच्छ जागी, स्थिर मांडावं असं आहे. आमच्याकडे शिपाई मामा बाकं भिंतीला लावून द्यायचे, मग मी आणि दोन मुली झाडू मारायचो. तेवढ्यात १५ मिनिटं जायची.

दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे सत्राला ६० तास, आठवड्याला ४. मला प्रत्येक तुकडीसाठी आठवड्याला ४८ मिनिटांच्या दोन तासिका मिळत. कागदावरचं गणित पहिल्याच दिवशी चुकलेलं होतं आणि ते बरोबर दाखवायला शेवटी माझी सही हवी आहे.

योग हे मुंबईत नवं फॅड नाही, साहेब. श्री योगेंद्रांनी १९१८ साली याच शहरात, वर्सोव्याला योगाची संस्था काढली, ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय घडतं हे त्यांनी एक्स-रेखाली तपासलं, प्रयोगाचं नियतकालिक काढलं. शंभर वर्षांपूर्वी माणसं मोजमाप करून, शिष्याला समोर बसवून ही विद्या शिकवत होती. आज तिला व्हिडिओची लिंक पुरते?

ध्यानाचंही तेच. माइंडफुलनेस म्हणून जे परदेशातून परत आलं, त्याचा ८ आठवड्यांचा वर्ग जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला. त्यात आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग आणि रोजचा घरचा अभ्यास असतो. केंब्रिज विद्यापीठाने ६१६ विद्यार्थ्यांवर असा ८ आठवड्यांचा वर्ग तपासला. आपणहून आलेली मुलं, अनुभवी शिक्षक. परीक्षेच्या दिवसांत त्या मुलांचा ताण इतरांपेक्षा कमी राहिला. तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. उलट ब्रिटनमध्येच शाळांतल्या ८,००० हून जास्त मुलांवरचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. तिथे शाळेच्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सगळ्या वर्गाला ध्यान शिकवलं होतं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही, बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती. मला हे वाचून धक्का बसला नाही. इच्छा, सराव आणि शिक्षक या तिन्हींशिवाय ध्यान होत नाही, हे इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिरात दहा दिवस बसून आलेला माणूसही सांगेल. तुमच्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या दहा दिवसांसाठी रजा मिळते, ही चांगली गोष्ट आहे. माझा विद्यार्थी दहा दिवस गेला तर त्याची ७५ टक्के हजेरी धोक्यात येते. मी गेले तर माझे तास जातात.

आता जे लिहायला हात जड होतो ते लिहिते.

डिसेंबरमध्ये शवासन संपलं, सगळे उठले, एक मुलगी उठली नाही. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी कानामागे चाललेलं. म्हणाली, "मॅडम, डोळे मिटले की भीती वाटते. जगावंसंच वाटत नाही." मी तिला उठवून बाहेर नेलं. डोळे मिटून शांत बसवलं की आत दाबलेलं वर येतं, काहींना ते एकट्याने झेपत नाही. योगशिक्षकाला हे माहीत असायला लागतं, आणि कुठे थांबायचं तेही. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही. आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे. कुलूप उघडलं तर आत नॅकच्या फायली आणि मोडक्या खुर्च्या. १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला गेलो. रांगेत चार तास. आज ती उपचार घेते आहे, परीक्षाही दिली. त्या चार तासांत माझ्या दोन तासिका बुडाल्या, त्यांचे ८०० रुपये कापले. पैशाचं दुःख नाही. दुःख याचं आहे की तिला धरायला त्या दिवशी कॉलेजात दुसरं कोणी नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आकडा तुमच्यापुढे असेलच. शाळा-कॉलेज मिळून देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. दिवसाला जवळजवळ ३६. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, १,७६४. दिवसाला पाच पोरं, आणि आपण दिवसाला एक परिपत्रक काढतो. देशात लाख लोकांमागे पुरता एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, ०.७५ हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा. आमच्याकडे विद्यार्थी चार हजारांच्या घरात आहेत. कुलूप तसंच आहे.

नालासोपाऱ्याचा एक मुलगा दर तासाला शवासनात घोरायचा. मुलं हसायची. विचारलं तर म्हणाला, रात्री गोदामात पार्सलं लावतो, पहाटे चारला सुटतो, सकाळचं लेक्चर, मग तुमचा तास, मॅडम इथेच काय ती झोप लागते. मी त्याला झोपू दिलं. त्याला कुठलं ध्यान शिकवू? त्याचा ताण त्याच्या श्वासात नाही, त्याच्या फीमध्ये आहे. माझे वडील परळच्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. ते गॅलरीत तासन् तास गप्प बसायचे. त्यांना त्या वेळी कोणी अनुलोम-विलोम सांगितला असता तर कदाचित रात्री झोप लागली असती, पण घरात पगार आला नसता. मीसुद्धा योगाकडे आले ती झोप उडाली म्हणूनच. या विद्येने मला उभं केलं. म्हणूनच तिच्या आडून कोणी फीवाढ, रिकाम्या जागा आणि कुलूपबंद खोल्या झाकलेल्या मला सहन होत नाहीत.

रिकाम्या जागांचं तर बोलायलाच नको. इतिहासाची बाई तासावर, गणिताचा सर तासावर, योग तासावर. पीएचडी झालेली चाळिशीची माणसं स्टाफरूममध्ये डबा उघडताना एकमेकांना विचारतात, तुझं बिल झालं का? उन्हाळ्यात पगार नाही, आजारपणात पगार नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. ज्यांना स्वतःला उद्याची खात्री नाही त्यांनी मुलांना चित्त स्थिर करायला शिकवायचं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, १९६८ च्या धोरणात आलं, १९८६ च्या धोरणात आलं, २०२० च्या धोरणात पुन्हा आलं. प्रत्यक्षात २०१७-१८ मध्ये ४.४३ टक्के होता असं त्याच धोरणात छापलं आहे. माझ्या जन्माआधीचं वचन आहे ते. माझे केस पांढरे झाले.

मागायला बसले होते थोडंच, बोलले फार. योग आणि ध्यान पदवीत ठेवा, काढू नका, हात जोडून सांगते. पण ते सक्तीचं नको, गुणांचं नको, ज्याला हवं तो येईल. सकाळी पहिल्या तासिकेआधी किंवा संध्याकाळी, एका वर्गात ३० मुलं, खाली सतरंजी, समोर पूर्णवेळ नेमलेला शिक्षक. समुपदेशकाशिवाय कुठल्याही कॉलेजला ध्यानाचा वर्ग चालवायला परवानगी देऊ नका. आणि हजेरीपट तपासायला एखादा माणूस न सांगता पाठवा, आमच्याकडे आणि इतरत्रही. मुलांना बाजूला घेऊन विचारा किती तास झाले. ती खरं सांगतील.

काल रात्री त्या नालासोपाऱ्याच्या मुलाचा मेसेज आला. "मॅडम, या वर्षी योगाचा तास कितीला आहे? त्याप्रमाणे शिफ्ट बदलून घेतो." अजून उत्तर दिलेलं नाही. त्याला काय कळवू, ते कृपया मला कळवा.

आपली,
एक योगशिक्षिका
भांडुप, मुंबई